काकू, सही करण्याआधी ही १८९७ सालची गोष्ट वाचा

गेल्या आठवड्यात सोसायटीतल्या काकू जिन्यात भेटल्या. हातात चार पानी कागद. म्हणाल्या, "अरे, तू वाचतोस ना हे सगळं, जरा बघ. सही करू का नको?"

शहरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात त्या गुडघा दाखवायला गेल्या होत्या. तिथे त्यांना विचारलं गेलं, की पन्नाशीपुढच्या बायकांची हाडं ठिसूळ होतात त्यावर आमचा अभ्यास चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का? निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते बाईंनाही माहीत नाही आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरलाही नाही. वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी.

घरी आल्यावर मुलगा भडकला. "आई, तुला उंदीर बनवणार ते! गिनिपिग! काही सही-बिही करू नकोस." सुनेचं म्हणणं, तपासण्या फुकट होतायत तर काय बिघडलं? आणि काकूंचा स्वतःचा प्रश्न वेगळाच. "मला ती खोटी गोळी आली तर माझा काय उपयोग?"

तिघांचंही म्हणणं मला खोटं वाटत नाही. मुलाची भीती उगीच नाही. तिला आपल्याच मातीत सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. म्हणून काकूंना जिन्यात जे धड सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितोय. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

एकच प्लेग, दोन तऱ्हा

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात लोक तापाने फणफणून पटापट मरायला लागले. काखेत, जांघेत गाठी. मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं की हा प्लेग आहे. शहर रिकामं व्हायला लागलं. लोक गाठोडी बांधून गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गेला.

सरकार घाबरलं आणि जबरदस्तीवर आलं. आजारी दिसला की उचला, इस्पितळात टाका, घर धुऊन काढा, सामान जाळा. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही असं लोक बघत होते. ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, तोच जो आपल्याला करोनात पुन्हा ऐकायला मिळाला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरात घुसले. देवघरात बूट, बायाबापड्यांची उघड्यावर तपासणी, सामानाची नासधूस. पुढचं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नमेंट हाऊसमधून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली.

ते गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि आज त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाई फुल्यांचं, ज्या त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी १० मार्चला गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. एकीकडे माणसाला उचलून नेणारे सोल्जर आणि दुसरीकडे माणसाला उचलून आणणाऱ्या सावित्रीबाई. उचलणं दोन्हीकडे होतं. लोकांनी कुणाला काय दिलं ते आपण बघतोच.

याच महिन्यांत मुंबईत तिसरा एक माणूस काम करत होता. आजचा आपला विषय तो.

आधी स्वतःचा दंड

वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. डॉक्टरकीची पदवी नाही, मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. कॉलऱ्याची लस करून ती त्याने १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. मग हिंदुस्थानात येऊन कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये काम केलं. मुंबईत प्लेग आल्यावर ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्याला इकडे बोलावलं.

जागा मिळाली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. प्रयोगशाळा म्हणजे एक लहान खोली नि व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. त्यावर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली.

१० जानेवारी १८९७ ला त्याने स्वतःला टोचून घेतलं, आणि तेही पुढे लोकांना द्यायच्या मात्रेपेक्षा बरंच जास्त. ताप चढला, दुखलं, दोन-चार दिवसांत बरा झाला. मगच तो दुसऱ्यांकडे गेला.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. बंद जागा, माणसं एकत्र, पळायला वाट नाही. हाफकिनने कैद्यांना विचारलं. जे तयार झाले अशा दीडशेच्या आसपास कैद्यांना टोचलं, त्याहून थोडे जास्त न टोचता राहिले. जेवण तेच, कोठड्या त्याच, हवा तीच. टोचायच्या दिवशीच जे आजारी होते ते हिशोबातून वगळले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांमध्ये बारा जणांना प्लेग झाला, सहा गेले. टोचलेल्यांमध्ये दोघांना झाला, दोघेही वाचले.

काकू, तुमच्या खोट्या गोळीचं उत्तर इथे आहे. त्या तुरुंगात सगळ्यांना टोचलं असतं आणि दोनच आजारी पडले असते, तर लोक म्हणाले असते, साथच ओसरली असेल. कुणालाच टोचलं नसतं तर काहीच कळलं नसतं. शेजारी न टोचलेले होते म्हणून टोचल्याचा फरक दिसला. औषध नसलेली गोळी घेणारी बाई ही अभ्यासातली फुकट गेलेली बाई नसते. तिच्याशिवाय त्या दुसऱ्या गोळीचा गुण कुणाला सिद्धच करता येत नाही.

पण त्याच तुरुंगात मुलाच्या भीतीचंही मूळ आहे. कैद्याला "विचारलं" म्हणजे काय विचारलं? बाहेर जेलर, आत प्लेग, हातात बेड्या. तो नाही म्हणाला असता तर? आणि जे न टोचता राहिले, त्यातले सहा मेले. इतिहासात हाफकिनचं नाव राहिलं, परळला त्याच्या नावाची संस्था उभी आहे. त्या कैद्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. आज कैद्यांवर असा अभ्यास करायचा तर नियमांची मोठी चाळण लागते. ज्याला मोकळेपणाने नाही म्हणता येत नाही, त्याचं हो कितपत खरं मानायचं, हा प्रश्न जगाला नीट पडायला पुढे अजून पन्नास वर्षं लागली.

तरी फरक बघा. रँडने विचारलंच नाही. हाफकिनने निदान विचारलं, आणि विचारण्याआधी स्वतःचा दंड पुढे केला. मग मुंबईतले डॉक्टर, व्यापारी पुढे आले. आगाखान (तिसरे) यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं, प्रयोगशाळेला आपली जागा दिली, आणि त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक रांगेत उभे राहिले. सरकारनेही धोरण म्हणून लस ऐच्छिकच ठेवली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मोठी प्रयोगशाळा सुरू झाली. आपल्या ओळखीची हाफकिन संस्था तीच.

मुलकोवाल

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस सांगितल्याशिवाय ही पोस्ट खोटी ठरेल.

पंजाबातलं मुलकोवाल हे गाव, आता पाकिस्तानात. तिथे त्या दिवशी १०७ जणांनी प्लेगची लस टोचून घेतली. मुंबईहून बाटल्या गेल्या होत्या. त्यातल्या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस जण मेले.

सरकारी चौकशीने बोट मुंबईच्या प्रयोगशाळेकडे दाखवलं. हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. लंडनला जाऊन तो आपली बाजू मांडत राहिला. पुढे कळलेली हकिगत अशी. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नव्हतं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या बड्या शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू घेतली, तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग गेला. परत आला तो कलकत्त्याला.

हाफकिनवरच्या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते बरोबरही आहे. मला मात्र हे वाचताना दरवेळी ते १९ जण आठवतात. त्यांनी विश्वासाने हात पुढे केला होता. चूक कुणाची, या वादात पाच वर्षं गेली. ती प्रयोगशाळेची असो की चिमट्याची, मेलेल्याच्या घरच्यांना काय देणं लागतं, हे सांगणारा नियम तेव्हा नव्हता.

नियम उशिरा येतात

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत माणसांवर जे केलं, त्याचा खटला न्युरेंबर्गला चालला आणि १९४७ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की माणसाच्या स्वखुशीच्या संमतीशिवाय त्याच्यावर प्रयोग नाही. १९६४ मध्ये जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकीचा जाहीरनामा केला. आपल्याकडे आयसीएमआरने १९८० मध्ये या विषयावर पहिलं धोरण काढलं. पुढे मार्गदर्शक तत्त्वं आली, ती वेळोवेळी सुधारली गेली.

कागदावर सगळं आलं म्हणजे जमिनीवर आलं असं नाही. २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीचा एक प्रकल्प तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात झाला. दहा ते चौदा वयाच्या मुली. खम्ममला आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आई-बापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकाची सही होती. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाले नसावेत असं चौकशीत निघालं, पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने फार कडक ताशेरे ओढले. लस मुळात चांगली होती, आज जगभर दिली जाते. पण ज्या आईला विचारलंच नाही, तिला ती चांगली आहे हे आता कोण कसं पटवणार? रँडची चूक, फक्त बंदुकीशिवाय.

त्यानंतर नियम घट्ट झाले. २०१३ मध्ये भरपाईचे नियम आले. २०१९ मध्ये नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल यांचे वेगळे नियम आले. त्याआधी २००७ मध्ये देशातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली होती आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांना तिथे नोंद सक्तीची आहे. ती नोंद आपल्यापैकी कुणीही मोबाइलवर उघडून बघू शकतो.

सहा गावांची गोष्ट

आता जवळची आणि चांगली गोष्ट. हीसुद्धा सांगायलाच हवी, नाहीतर काकू कागद फाडून टाकतील.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. यात औषध वगैरे काही नव्हतं, नुसतं बघणं आणि मोजणं. लग्न झालेल्या बायकांच्या घरी जायचं, पाळी चुकली की नोंद करायची, गरोदरपणात ती काय खाते, किती काम करते, रक्तात काय आहे, बाळ केवढं झालं, हे सगळं लिहायचं. मग ते बाळ वाढताना पुन्हा पुन्हा मोजायचं.

यातून काय निघालं? आपल्याकडच्या त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हाडाने, मांसाने बारीक, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून. बाहेरून कृश, आतून चरबी. आपल्यातल्या सडपातळ दिसणाऱ्या माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा असा पार जन्मापर्यंत, आईच्या पोटापर्यंत गेला. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त खायच्या त्यांची बाळं बाळसेदार निघाली. पुढे तीच मुलं वयात आल्यावर, ती आई-बाप होण्याआधीच त्यांना बी-१२ देऊन फरक पडतो का, हा पुढचा अभ्यास झाला.

जगातल्या मोठमोठ्या मासिकांत यावर लेख आले. त्याच्या मुळाशी कोण आहे? शेतातून येऊन घमेलं खाली ठेवून रक्त द्यायला बसलेली बाई. दरवेळी वजनकाट्यावर उभं राहिलेलं पोर. ती पोरं आता तिशीची झाली. इतकी वर्षं लोक टिकले, कारण तपासणारे परत परत त्याच घरी आले आणि पोरांना नावानिशी ओळखत राहिले.

करोनातही हेच बघितलं आपण. ऑगस्ट २०२० मध्ये कोविशिल्डच्या आपल्याकडच्या चाचणीची सुरुवात पुण्यात झाली. लस चालेल का नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. तरी लोक गेलेच. जानेवारीत आपण रांगेत उभे राहिलो ते त्यांच्यामागे.

तर काकू, सही करू का?

मी हो किंवा नाही सांगणार नाही. पण सहा गोष्टी विचारून या. लिहूनच न्या.

१. या अभ्यासाला नीतिसमितीची परवानगी आहे का, आणि नोंदवहीतला नंबर काय? समितीचा फोन त्या कागदावर असायलाच हवा. नसेल तर तिथूनच उठा.

२. सगळं मराठीत समजावून द्या. माहितीचा कागद आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी न्यायची, तो तुमचा हक्क आहे. वाचायला वेळ मागा. "इथेच सही करा, वेळ नाही" असं कुणी म्हणालं तर काम त्यांचं घाईचं आहे, तुमचं नाही.

३. ज्यांना औषध नसलेली गोळी मिळेल, त्यांना आज उपलब्ध असलेले नेहमीचे उपचार मिळणार का? की वर्षभर काहीच नाही? हाच प्रश्न मुंबईच्या तुरुंगात कुणी विचारला नव्हता.

४. काही बिघडलं तर? नियम असा आहे, की चाचणीत भाग घेणाऱ्याला काही झालं तर त्याचे उपचार फुकट, आणि इजा चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. ती कुणाकडून, कशी, हे कागदावर दाखवा म्हणावं. मुलकोवालच्या १९ घरांना हे विचारायची सोय नव्हती. तुम्हाला आहे.

५. मधेच सोडावंसं वाटलं तर? कधीही सोडता येतं, कारण न देता. आणि त्यामुळे तुमच्या गुडघ्याच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. हेही त्यांच्या तोंडून ऐका.

६. शेवटी निकाल काय लागला ते आम्हाला सांगणार का? हे फार कमी लोक विचारतात. तुमचं रक्त घेतलंय, तर त्यातून काय निघालं ते कळायचा मान तुमचा आहे.

आणि पैशाचं एक. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी मिळणं रास्त आहे. पण फक्त पैशासाठी कुणी जात असेल तर ते विचारणं पुन्हा भायखळ्याच्या तुरुंगातलंच झालं. नाही म्हणणं परवडत नाही, म्हणून हो.

काल काकू परत भेटल्या. माझे सहा प्रश्न घेऊन गेल्या होत्या, बरोबर तो भडकलेला मुलगाही होता. पाच प्रश्नांची उत्तरं त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट बसून दिली. सहाव्याला त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सरांना विचारून सांगते."

काकूंनी सही अजून केलेली नाही. कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलाय. म्हणतात, "तिचा फोन येऊ दे. निकाल सांगणार म्हणाली, की करते सही. खोटी गोळी आली तरी चालेल मग."

मुलगा काही बोलला नाही. पुढच्या तारखेला गाडी काढतो म्हणाला.

तुमच्या घरात कुणी अशा अभ्यासात भाग घेतला असेल, चांगला-वाईट कसाही अनुभव असेल, तर जरूर लिहा. आणि घरात कुणाच्या हातात असा चार पानी कागद आला असेल, तर त्यांना हे सहा प्रश्न वाचून दाखवा.